एक कान, तीन सल्ले



ऑक्टोबर उजाडला की आपल्या बॉथेलच्या आसपास दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे पाऊस आणि दुसरी म्हणजे डेकेअरमधून घरी येणारं शेंबडं नाक. चार-सहा दिवस नाक गळतं, आणि मग एखाद्या रात्री दोन वाजता मूल कानाला हात लावून रडत उठतं. अंग तापलेलं असतं. उभं धरलं की जरा शांत होतं, आडवं केलं की पुन्हा सूर लावतं. लहान मूल असलेल्या घरात ही रात्र कधी ना कधी येतेच.

त्या रात्रीबरोबर सल्लेही येतात. आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे पुण्यात दुपारचे अडीच, त्यामुळे आजी फोनवर लगेच सापडते. ती म्हणते, "लसणाची पाकळी घालून तेल कोमट कर, दोन थेंब कानात सोड आणि आधी कानटोपी घाल बाळाला." तिच्या मागून मावशी म्हणते, "तेलबिल काही नको. सकाळी डॉक्टरकडे जा आणि अँटिबायोटिक सुरू कर. तुमचे कान काय तेलाने बरे झाले होते का?" सकाळी इथली डॉक्टर कानात उजेड टाकून बघते आणि सांगते, "दुखण्याचं औषध देत राहा. दोन-तीन दिवस वाट बघू."

आता यातलं कुणाचं ऐकायचं? आजी अडाणी, मावशी घाईची आणि डॉक्टर निष्काळजी, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण ते तिघींवरही अन्यायाचं होईल. मी डॉक्टर नाही. कंपन्यांच्या जुन्या सॉफ्टवेअर यंत्रणा नव्यावर नेण्याचं काम मी करतो. त्या कामातला पहिला धडा असा, की जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी चमत्कारिक सूचना दिसली तर ती पुसायच्या आधी कुठल्या अडचणीपायी लिहिली गेली ते शोधायचं, आणि ती अडचण आज उरली आहे का ते बघायचं. कानदुखीच्या या तीन सल्ल्यांचंही तसंच आहे. ते तीन वेगळ्या काळांत लिहिले गेलेत. आज त्या तीन काळांची ओळख करून घेऊ.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. इंग्रजीत 'इअर इन्फेक्शन' म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, "पोराचा कान फुटला." किंवा "कान वाहतोय." या शब्दांकडे जरा नीट बघा. इंग्रजी शब्द आजाराचं कारण सांगतो. मराठी शब्द आजाराचा शेवट सांगतो. कानाच्या पडद्यामागे पू साठतो, पडद्यावर ताण येतो, मूल कळवळतं आणि अखेर पडदा फाटून पू बाहेर येतो. ताण सुटल्यामुळे त्या क्षणी दुखणं एकदम कमी होतं. आईच्या हाताला उशी ओली लागते आणि मूल झोपी जातं. औषध नसलेल्या काळात कानदुखी संपायची ती बहुधा अशीच. म्हणून भाषेने नाव ठेवलं तेही शेवटाचं.

पू साठतो कुठून? आपल्या नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते. सोळाव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमिओ युस्टाकी यांच्या नावाने ती युस्टेशियन नळी म्हणून ओळखली जाते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आतली हवा बदलते. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की आत पाणी साठतं आणि नाकाच्या मागचे जंतू तिथे पोचून वाढतात. म्हणजे कानदुखी बाहेरून कानात शिरत नाही, ती नाकाकडून मागच्या दाराने येते.

हे कळलं की आजीचा सल्ला नव्याने वाचता येतो. बाळंतविड्यात कुंची असते, टोपडं असतं, बाळंतीणही कानाला फडकं बांधून बसते. "कानाला वारा लागला" हे आपल्याकडचं जुनं निदान. वाऱ्याने कानाच्या पडद्यामागे पू होत नाही. पण गार दिवसांत सर्दी वाढते आणि सर्दीपाठोपाठ कान दुखतो, हे आजीच्या आजीने पाहिलेलं अगदी खरं होतं. निरीक्षण पक्कं, फक्त कारण चुकलेलं. कानटोपी घातल्याने काही बिघडत नाही, जीवाला ऊब मिळते. मात्र तेवढ्याने कानदुखी टळेल अशी आशा नको.

तेलाची गोष्ट याहून जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. कर्णशूल म्हणजे कानदुखी, कर्णस्राव म्हणजे कान वाहणं, पूतिकर्ण म्हणजे दुर्गंधी पू येणारा कान, कर्णनाद, बाधिर्य, अशी ती यादी. उपचारांत स्नेहन आहे, शेक आहे, औषधी तेलाने कान भरणं म्हणजे कर्णपूरण आहे. वाहणाऱ्या कानासाठी प्रमार्जन, म्हणजे कान पुसून साफ करणं, आणि धूपन, म्हणजे धुरी देणंही आहे. ज्या काळात पडद्याच्या पलीकडे काय चाललंय हे बघायला उजेड आणि भिंग नव्हतं, त्या काळात हे वर्गीकरण केलेलं आहे.

यातलं एक आजही जिवंत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतल्या लहान मुलांच्या आजारांसाठी नव्वदच्या दशकात जी मार्गदर्शिका बनवली, तिच्यात वाहणाऱ्या कानासाठी आईला शिकवायची मुख्य गोष्ट कोणती? स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या कापडाची वात करून कान दिवसातून निदान तीनदा कोरडा करायचा. म्हणजे प्रमार्जनच. आणि कान कोरडा केल्यावर आत काहीही घालून ठेवायचं नाही.

तेल मात्र या कसोटीला उतरत नाही, आणि का ते सरळ आहे. पडदा शाबूत असेल तर तेल बाहेरच राहतं. कोमटपणामुळे क्षणभर बरं वाटेल, पण पू पडद्याच्या मागे आहे, तिथे ते पोचतच नाही. आणि पडदा फुटला असेल तर तेल पोचतं, पण बाहेरचा मळ आणि जंतू घेऊन पोचतं. शिवाय तेलाने माखलेला कान डॉक्टरला नीट दिसत नाही. तेव्हा आजीला नाही म्हणायचं असेल तर एवढंच सांगा, "आजी, दुखणं पडद्याच्या मागे आहे गं, तेल तिथे जात नाही. बाहेरून कोमट फडक्याचा शेक देते." शेक तिलाही पटेल, कारण तोही तिच्याच परंपरेतला आहे.

पण "कान फुटला आणि मूल झोपलं" एवढ्यावर प्रत्येक वेळी भागत नसे. कानाच्या मागे जे टणक हाड हाताला लागतं, त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात आणि ते कानाच्या पोकळीला जोडलेले असतात. पू बाहेर पडायच्या ऐवजी या हाडात शिरला, तर तिथून मेंदू फार लांब नाही. डब्लिनचे विल्यम वाइल्ड हे एकोणिसाव्या शतकातले कानाचे नामांकित शल्यचिकित्सक. १८५३ साली त्यांनी कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कानामागे साठलेला पू बाहेर काढायला ते जो छेद घेत, तो त्यांच्याच नावाने ओळखला गेला. नियतीचा खेळ असा, की त्यांचा मुलगा, लेखक ऑस्कर वाइल्ड, १९०० साली पॅरिसमध्ये वारला तो मेंदूच्या आवरणाच्या दाहाने, आणि तो दाह जुन्या कानदुखीतून गेला असं बरेच अभ्यासक मानतात. कानाच्या डॉक्टरच्या घरातही त्या काळी कान असा दगा देऊ शकत होता.

१८७३ साली जर्मनीतल्या हाल शहरातले हर्मान श्वार्ट्झे यांनी कानामागचं हाड छिन्नीने कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया नीट बांधून लिहिली. पुढची साठ-सत्तर वर्षं बिकट कानदुखीवरचा खरा उपाय हाच होता. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये १९३२ साली लहान मुलांच्या विभागात जेवढी मुलं दाखल झाली, त्यांतली २७ टक्के कानाचा संसर्ग आणि त्यातून झालेली गुंतागुंत यांपायी होती. आज ज्या आजारासाठी आपण पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट घेतो, त्या आजाराने तेव्हा रुग्णालयातली एक-चतुर्थांशाहून जास्त खाटा भरत. म्हाताऱ्या माणसांच्या कानामागे कधी खोल खड्डा दिसला तर तो बहुधा त्या काळाचा शिक्का असतो.

हे चित्र पालटलं ते औषधांनी. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल हे पहिलं सल्फा औषध जगापुढे ठेवलं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये दिसलेलं पेनिसिलिन ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी १९४० नंतर माणसाला देण्याजोगं केलं, आणि युद्ध संपता संपता अमेरिकेत ते सर्वसामान्यांना मिळू लागलं.

आणि इथे आपल्या मावशीची गोष्ट सुरू होते. तिचा पत्ता पुण्याजवळचं पिंपरी. स्वतंत्र भारताला पेनिसिलिन बाहेरून आणावं लागत होतं. ते देशातच बनवायचं म्हणून सरकारने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी केली. युनिसेफने यंत्रसामग्रीची आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक ज्ञानाची मदत केली. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. 'एच. ए. कॉलनी' म्हटलं की जुन्या माणसांना आजही तो कारखाना, ती वसाहत, ती शाळा आठवते. आपल्यापैकी काहींचे आजोबा तिथे कामाला असतीलही.

त्या पिढीने काय पाहिलं ते ध्यानात घ्या. त्यांच्या लहानपणी गल्लीत एखादं मूल कानापायी बहिरं झालेलं असे, क्वचित कानापायी गेलेलंही असे. आणि मग दहा-वीस वर्षांत असा दिवस आला की फॅमिली डॉक्टर सुई टोचतो आणि दोन दिवसांत मूल अंगणात खेळतं. १९६१ मध्ये अँपिसिलिन आलं, १९७२ मध्ये ब्रिटनच्या बीचम कंपनीचं अमॉक्सिसिलिन आलं. हे तोंडाने घ्यायचं असल्यामुळे सुईही गेली. इथल्या फार्मसीतून आपण जी गुलाबी, गोड वासाची बाटली फ्रिजमध्ये आणून ठेवतो, ती हीच. मावशी "अँटिबायोटिक लगेच सुरू कर" म्हणते ती घाबरट म्हणून नव्हे. तिने औषधाचा चमत्कार डोळ्यांनी पाहिला आहे.

मग डॉक्टर का थांबते?

कारण औषध हाताशी आलं तसं ते प्रत्येक कानदुखीला दिलं जाऊ लागलं, आणि मग एक अवघड प्रश्न कुणीतरी विचारला. जी मुलं बरी झाली, ती औषधाने बरी झाली की औषध घेत असताना आपोआप बरी झाली? नेदरलँड्समधले डॉक्टर व्हान बुखेम आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली १७१ मुलांचे चार गट केले. काहींच्या पडद्याला छेद दिला, काहींना अँटिबायोटिक दिलं, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. गटागटांत फारसा फरक दिसला नाही. १९८५ मध्ये त्यांनी याहून मोठा अनुभव मांडला. दोन ते बारा वर्षांच्या ४८०० हून अधिक मुलांना पहिले तीन-चार दिवस फक्त नाकात थेंब आणि वेदनाशामक दिलं. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं थोड्या दिवसांत बरी झाली. तीन टक्क्यांहून कमी मुलांचा आजार बळावला. कानामागच्या हाडापर्यंत आजार गेला तो फक्त दोन मुलांचा, आणि अँटिबायोटिक देताच तीही बरी झाली.

त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा मेळ घातला तर चित्र असं दिसतं: पाचपैकी साधारण चार मुलांचं दुखणं दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकशिवाय थांबतं. उलट औषधाने काहींना जुलाब होतात, अंगावर पुरळ येतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे जंतू औषधाला सरावतात. ज्या दिवशी खरी गरज पडेल, त्या दिवशी औषध चालत नाही. पिंपरीच्या कारखान्याने जे कमावलं ते उधळायचं नसेल, तर ते जपूनच वापरायला हवं. म्हणून नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये 'लक्ष ठेवून वाट पाहणे' ही पद्धत आपापल्या मार्गदर्शिकांत आणली. २०१३ साली अमेरिकेतली मार्गदर्शिका पुन्हा तपासून अधिक नेमकी करण्यात आली.

पण थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. मूल सहा महिन्यांहून लहान असेल, ताप ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२.२ फॅरनहाइटला पोचला असेल, दुखणं खूप असेल किंवा दोन दिवस हटत नसेल, कानातून पू येत असेल, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान धरले असतील, तर अँटिबायोटिक द्यायचंच. बाकीच्यांबाबत ४८ ते ७२ तास बघायचं, आणि उतार पडला नाही तर औषध सुरू करायचं. दुखणं कमी करायचं औषध मात्र पहिल्या तासापासून, मुलाच्या वजनाप्रमाणे. आणि कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, मान आखडली किंवा मूल गळून गेलं, तर वाट न बघता तडक इमर्जन्सी गाठायची. श्वार्ट्झे यांच्या काळातला आजार दुर्मिळ झालाय, नाहीसा झालेला नाही.

आता या इतिहासाचं चौथं पान, आणि ते आपल्या दोन घरांना जोडणारं आहे. कानदुखीच्या जंतूंत न्यूमोकोकस हा मोठा गुन्हेगार. हाच जंतू न्यूमोनिया आणि मेंदूज्वरही करतो. त्याच्यावरची लहान मुलांसाठीची लस अमेरिकेत २००० साली आली. फिनलंडमधल्या चाचणीत तिने एकूण कानदुखी फक्त सहा टक्क्यांनी कमी केली. पण लसीत असलेल्या जंतूंच्या प्रकारांनी होणारी कानदुखी निम्म्याहून खाली आली. २०१० मध्ये जास्त प्रकारांवर चालणारी लस आली. बोस्टनच्या १९८९ च्या अभ्यासात तीन वर्षांची होईपर्यंत ८३ टक्के मुलांना एकदा तरी कानाचा संसर्ग झालेला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या २०१७ च्या अभ्यासात हा आकडा ६० टक्के आहे. दोन शहरं वेगळी, निदानाच्या कसोट्याही मध्यंतरी कडक झाल्या, म्हणून सगळं श्रेय लसीला देता येणार नाही. पण तिचा वाटा मोठा आहे.

ही लस महाग होती आणि गरीब देशांतल्या बाळांपर्यंत पोचायला तिला वर्षं लागली. ज्या दोन ठिकाणांनी ती स्वस्त करायला घेतली, त्यांतलं एक आहे पुण्यातलं हडपसर आणि दुसरं आहे आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासावरचं सिएटल. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सुरू केलेली सीरम इन्स्टिट्यूट आणि सिएटलमध्ये मुख्यालय असलेली 'पाथ' ही आरोग्यसंस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर दहा वर्षांहून अधिक काळ काम करून 'न्यूमोसिल' ही लस बनवली. गरिबांच्या जगात जे दहा प्रकार जास्त आढळतात ते तिच्यात घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. आंतरराष्ट्रीय लसीकरण योजनेतल्या गरीब देशांसाठी तिची किंमत डोसाला सुमारे दोन डॉलर ठेवली गेली. भारत सरकारने न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोफत देणं सुरू केलं होतं, आणि २०२१ मध्ये ती देशभर पोचली. एक पाय पुण्यात आणि एक पाय इथे ठेवून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं अप्रूप वाटायला हरकत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते परदेशातल्या मराठी घरांसाठी सर्वांत कामाचा. कान दुखायचा थांबला म्हणजे कान मोकळा झाला असं नाही. पू जातो, पण पडद्यामागे पाणी उरतं. महिन्यानंतरही दहापैकी चार मुलांच्या कानात ते असतं, तीन महिन्यांनंतर दहात एकाच्या. ते दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून लक्षात येत नाही. पण पाण्यामुळे पडदा नीट हलत नाही आणि मुलाला सरासरी पंचवीस डेसिबलच्या आसपास कमी ऐकू येतं. म्हणजे आपण दोन्ही कानांत बोटं घालून घरात वावरावं तसं.

अशा मुलाला मोठ्याने बोललेलं कळतं. हळू बोललेलं, दुसऱ्या खोलीतून बोललेलं, गोंगाटात बोललेलं निसटतं. शाळेत शिक्षिकेचं तोंड समोर असतं, पाटी समोर असते, बाकीची मुलं काय करतात ते दिसत असतं, त्यामुळे तिथे भागून जातं. घरी आई ओट्याकडे तोंड करून मराठीत काहीतरी विचारते आणि उत्तर येत नाही. मग आपण म्हणतो, "याला मराठी नकोच आहे." किंवा, "दोन भाषांमुळे गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोलू या." भाषा बदलायच्या आधी कान तपासा, एवढंच माझं मागणं आहे. कुठल्या घरात एका चिकट पाण्याच्या थेंबापायी मराठी मागे पडू नये.

त्यावरही उपाय जुना आहे. व्हिएन्नाचे अॅडम पोलिट्झर यांनी एकोणिसाव्या शतकातच पडद्याला भोक पाडून त्यात छोटी नळी बसवून पाहिली होती, पण ती टिकत नसे. १९५४ साली, म्हणजे पिंपरीची कंपनी निघाली त्याच वर्षी, अमेरिकेतले डॉक्टर आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची बारीक नळी बसवली आणि ती चालली. भारतात तिला ग्रोमेट म्हणतात, इथे इअर ट्यूब. दोन्ही कानांत तीन महिने पाणी राहिलं आणि ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ तिचा विचार करतात. पडदा बरा होत जातो तशी ती बहुधा वर्ष-दीड वर्षात आपसूक गळून पडते.

भारतात या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात, सतत वाहणाऱ्या कानाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत भारताचं नाव आहे. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला, त्यामागे हेही कारण होतं. आणि पाणी ओळखायची सोपी युक्ती आपल्याच शेजारी निघाली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे श्याम गोल्लाकोटा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली दाखवलं, की कागदाचा छोटा कर्णा फोनला लावून बारीक चिवचिवाट कानात सोडला आणि परत येणारा आवाज मोजला, तर पडद्यामागे पाणी आहे की नाही हे सुमारे ८५ टक्के वेळा बरोबर ओळखता येतं. चाचणी सिएटलच्याच मुलांच्या रुग्णालयात झाली. डॉक्टर दहा कोसांवर असलेल्या गावात अशी युक्ती पोचली तर काय होईल, याची कल्पना करा.

तर मंडळी, या हिवाळ्यात चार गोष्टी लक्षात ठेवा. न्यूमोकोकसची आणि फ्लूची लस वेळेवर द्या. बाटलीने दूध पाजताना बाळाचं डोकं उंच ठेवा, आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर काढा. डिसेंबरात भारतात जाताना विमान उतरू लागलं की बाळाला दूध पाजा, कारण गिळलं की ती नळी उघडते. डॉक्टरने थांबायला सांगितलं तर दोन प्रश्न विचारा: "किती तास थांबायचं, आणि काय दिसलं तर लगेच फोन करायचा?" आणि कान बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारा: "आत पाणी उरलंय का?"

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाचं नाव आधी त्याच्या कानात सांगते, मग घराला. पुढे तो कान सांभाळायचं काम आपलं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.